रिकामी यादी

पटो न पटो, हे घडलेलं आहे. मुनीर माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि थापा मारायला लागतं तेवढं डोकं त्याच्याकडे नाही. साल दोन हजार तीन. जुन्या जालन्यातला एक दवाखाना. आणि वेळ भर दुपारची...

पेशंटची नावं पुकारायचा प्रोग्राम मुनीरनं बनवून दिला होता. बटण दाबलं की यादीतलं पहिलं नाव पडद्यावर यायचं आणि यादीतून निघून जायचं. यादी सांभाळायची ती प्रोग्रामिंगच्या भाषेसोबत मिळणारी तयार लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच. तिची अट एकच, रिकाम्या यादीतून नाव मागायचं नाही. प्रोग्राम बनवताना या अटीची तपासणी चालू असते. कोणी अट मोडली की 'यादी रिकामी' अशी चौकट येते आणि प्रोग्राम जागीच थांबतो. गिऱ्हाइकाला देताना तपासणी बंद करतात, नाहीतर प्रोग्राम रखडतो. मुनीरनंही तेच केलं.

त्या उन्हाळ्यात त्याचे अब्बा, बदरोद्दीन, वारले. त्यांचं औषध याच दवाखान्यात चालू होतं.

काही दिवसांनी तिथल्या कंपाउंडर नंदाबाईंनी त्याला बोलावलं.

"मुनीरभाई, पेशंट संपल्यावर चुकून बटण दाबल्या गेलं. तुमच्या अब्बांचं नाव आल्तं."

"जुनं नाव मेमरीत पडून राहतं, नंदाबाई. तपासणी बंद हाय ना, म्हणून दिसतं."

बोलला खरा... पण कॉम्प्युटर रोज संध्याकाळी बंद होत होता. मेमरीत काही उरायलाच नको होतं.

ही गोष्ट अम्मीच्या कानावर गेली आणि झालं. फरजाना अम्मी रोज दवाखान्यात येऊन बाकावर बसू लागली. जेवण नाही, झोप नाही.

"उनो मेरे बगैर अंदर नहीं जाते," डॉक्टरांच्या केबिनकडे बघत अब्बांबद्दल म्हणायची.

मुनीरला वाटायचं, बाप गेलाच होता, आता आईही हातची जाणार.

शेवटी त्यानं तपासणी चालू केली. ती चौकट अम्मीला डोळ्यांनी दाखवायची होती. यादीत अब्बा नाहीत, हे तिला एकदाचं पटायला हवं होतं.

डॉक्टर जाफराबादला गेले होते. केबिनला बाहेरून कुलूप. नंदाबाई शटर ओढून जेवायला गेलेल्या. मुनीर कॉम्प्युटरसमोर, अम्मी त्याच्या पाठीमागं बाकावर.

"अम्मी, देखो. लिस्ट खाली है."

त्यानं बटण दाबलं.

चौकट आली नाही...

नाव आलं. बदरोद्दीन.

मेमरीतला कचरा असता तर तपासणीनं पकडला असता. लायब्ररीच्या मते यादीत खरंच कोणीतरी होतं. जन्मात पहिल्यांदा मुनीरनं आपलीच चूक निघावी म्हणून दुआ मागितली.

मागं बाक करकरला...

मग पुन्हा करकरला. दोन माणसं उठावीत तसा.

"चलो जी," अम्मी हळूच म्हणाली.

वळून बघायची हिंमत त्याला झाली नाही. त्यानं घाईनं पुन्हा बटण दाबलं.

आता चौकट आली. यादी रिकामी.

"देखो अम्मी, कोई नहीं है," म्हणत तो वळला.

बाक मोकळा होता.

शटर खालीच होतं. केबिनचं कुलूप जागेवर.

पोलिसांत तक्रार झाली, टेंभुर्णीच्या नातेवाइकांकडे शोध झाला. फरजाना अम्मी आजतागायत सापडलेली नाही.

मुनीर आता कोणत्याच प्रोग्रामची तपासणी बंद करत नाही. परवा मी त्याच्याकडे चहाला गेलो होतो. काम करता करता पडद्यावर तीच चौकट आली. त्यानं मागं वळून पाहिलं...

आणि सतरंजीवर जरा सरकून बाजूला जागा केली.

कोणासाठी, ते विचारायचा मला धीर झाला नाही.