दुसरी गाठ

वीज गेली, गच्चीवर चटया पडल्या आणि नातवंडांनी आप्पांना घेरलं. आप्पांचा उभा जन्म लष्कराच्या एका प्रशिक्षण तुकडीत ट्रक चालवण्यात गेलेला.

“आप्पा, भुताची सांगा. पण खरी हं!”

“खोटी सांगायला मी काय निवडणुकीला उभा आहे?” आप्पांनी शाल गळ्याशी घेतली. “आमच्या घडीमास्तरांची सांगतो. मास्तर पोरांना पॅराशूटची घडी घालायला शिकवायचे. आम्ही त्याला छत्रीच म्हणायचो.”

“घडी घालायला काय शिकायचंय? आई रोज घालते साड्यांची.”

“आईची घडी विसकटली तर इस्त्री करता येते, बाळा. ही विसकटली तर माणूस जातो.”

आप्पांनी सुरुवात केली.

थंडीचे दिवस होते. मंगळवार, अमावास्या एका दिवसावर आलेली. मास्तर जेवून उठले, वर्तमानपत्र उघडलं आणि खिसा चाचपला. चष्मा नव्हता.

“घडीघरातच राहिला वाटतं. आलोच घेऊन.”

“अहो, सकाळी आणा की,” मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या देवापुढे बसून दिव्यात तेल घालत होत्या. त्यांचा धाकटा मुलगा लष्करात वैद्यकीय मदतनीस होता आणि पहाटे विमानातून उडी घेणार होता. वर डोंगरात दरड कोसळून अख्खं गाव अडकलं होतं, रस्ता उरला नव्हता. पोरगा सुखरूप जमिनीवर उतरल्याचा निरोप येईपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही, असं बाईंनी देवाशी बोलून ठेवलं होतं.

“चष्म्याशिवाय झोप यायची नाही मला,” मास्तर म्हणाले.

“झोपेत काय वाचता हो तुम्ही?”

मास्तर हसत बाहेर पडले. तेव्हा पावणेअकरा झाले होते.

घडीघर म्हणजे जुनी कापडगिरणी. युद्धाच्या काळात छत्र्या कमी पडायला लागल्या तेव्हा लष्कराने ती ताब्यात घेतली, गावातल्या बायकांना बोलावलं, पंधरवड्यात घडी शिकवली आणि कामाला लावलं. तुकडीची सुरुवात ती अशी. पुढे बायका गेल्या, पोरं आली, पंधरवड्याचे सहा महिने झाले. देशात कुठेही कोणी विमानातून उडी घेतली तरी त्याच्या पाठीवर याच लांबलचक टेबलांवरची घडी असायची.

या कामाची एक रीत होती. घडी सरकू नये म्हणून तिच्यावर शिशाच्या गोळ्या भरलेल्या पिशव्या ठेवतात, उशीएवढ्या नव्हे, मुठीएवढ्या. काम झालं की प्रत्येक पिशवी भिंतीवरच्या आपल्या खणात परत जायलाच हवी. एक खण जरी रिकामा दिसला तरी त्या दिवसाच्या सगळ्या छत्र्या पुन्हा उघडायच्या. कारण हरवलेली पिशवी जाणार कुठे? कुठल्यातरी घडीच्या पोटात. आणि पोटात पिशवी अडकलेली छत्री हवेत उघडत नाही.

दुसरी रीत अशी की घडीला दोघं लागतात. एक जण दोऱ्यांच्या टोकाला, दुसरा शेंड्याशी. पहिला विचारतो, “ताण?” दुसरा म्हणतो, “धरला.” मगच हात हलवायचा. शेवटी दोघांनी आपापल्या कडीत लाल दोऱ्याची गाठ मारायची. दोन गाठींशिवाय छत्री बाहेर जात नसे.

या दोन्ही रिती एका मरणानंतर आल्या. त्या जुन्या बायकांमध्ये विशीतली एक पोर होती. शेवटच्या टेबलावर एकटीच घडी घालायची. घाईत तिच्या हातून पिशवी आत राहिली. ती छत्री ज्याच्या वाट्याला आली तो तिचाच भाऊ निघाला. निरोप आला त्या संध्याकाळीही ती कामावर आली. कोणाशी बोलली नाही. रात्रभर घड्या घालत बसली. सकाळी टेबलाशी बसलेलीच सापडली, गार पडलेली. तेव्हापासून शेवटच्या टेबलावर कोणी काम करत नाही. नवी पोरं त्यावर चहाचे पेले ठेवतात, तेही दिवसाच.

मास्तरांनी कुलूप काढलं, दिवा लावला. चष्म्याचं घर लगेच दिसलं. भिंतीवरच्या एका खणात.

पिशवीच्या खणात.

संध्याकाळी त्यांनी चष्म्याशिवायच खण मोजले होते. मन पोराकडे लागलेलं. खणात काहीतरी काळं, मुठीएवढं दिसलं आणि ते “पूर्ण” म्हणून मोकळे झाले. त्यांनीच तिथे ठेवलेलं स्वतःच्या चष्म्याचं घर त्यांनी पिशवी म्हणून मोजलं होतं.

मांडणीवर पहाटेच्या उडीच्या चोवीस छत्र्या ओळीने बांधून ठेवलेल्या. चारला ट्रक यायचा. कुठली कोणाला हे पहाटे चिठ्ठीने ठरायचं.

मास्तरांनी तुकडीच्या साहेबांना फोन लावला.

“साहेब, उड्डाण थांबवा. एक पिशवी घडीत राहिलीय.”

“मास्तर, वर माणसं गाडली गेलीत. सकाळी थोडा वेळ आभाळ मोकळं आहे, मग तीन दिवस नाही. दुसऱ्या छत्र्या नाहीत. शोधा. नाही सापडली तर जेवढ्या तपासून होतील तेवढेच उतरवू.”

“एकटा आहे मी. पोरं रात्रीच्या कवायतीला डोंगरापलीकडे गेलीत.”

“परत बोलावतो. पण चारच्या आत पोचतील असं धरू नका.”

फोन ठेवल्यावर मास्तर तसेच उभे राहिले. वजन करून पाहावं तर कापड ओल धरतं, दोन छत्र्यांत तेवढा फरक पडतोच. दाबून पाहावं तर घडी दगडासारखी. उघडण्याला इलाज नव्हता. आणि उघडायला एक माणूस पुरतो, घालायला दोन लागतात. म्हणजे उघडलेली प्रत्येक छत्री ही एक माणूस कमी. वर वाट पाहणाऱ्या कोणाचा तरी डॉक्टर कमी.

पहिली उघडली. काही नाही.

दुसरी. काही नाही.

तिसरी उघडताना नख उखडलं. काही नाही. पांढरं कापड टेबलावरून ओघळत जमिनीवर पडलं आणि म्हातारा माणूस त्यावर डोकं टेकून रडायला लागला. “देवा, माझी चूक माझ्या पोरावर काढू नको. कोणाच्याच पोरावर काढू नको रे...”

मग उठले. नुसतं बसून राहणं जमेना. तिसऱ्या छत्रीच्या दोऱ्या हातात घेतल्या. शेंडा पार पलीकडे, अंधारात लोळत होता. होणार नाही हे माहीत असूनही, तीस वर्षांच्या सवयीने, तोंडातून शब्द गेला.

“ताण?”

“धरला” म्हणायला पलीकडे कोणी नव्हतं.

पण कापड... हळूच... सरळ झालं.

मास्तरांच्या हातातल्या दोऱ्या घट्ट झाल्या. तारेसारख्या. पलीकडे कोणीतरी शेंडा धरला होता.

मास्तरांनी वर पाहिलं नाही. घडी घालताना नजर दोऱ्यांवरून काढायची नसते, हे त्यांनीच शेकडो पोरांना शिकवलं होतं. त्या रात्री तेवढाच आधार. नजर दोऱ्यांवर. हात दोऱ्यांवर.

घडी पडत गेली. एक बाजू. दुसरी बाजू. पलीकडून कापडाची सळसळ. श्वास मात्र एकच ऐकू येत होता. मास्तरांचा.

तिसरी बांधून झाली. मग दुसरी. मग पहिली. मास्तरांनी प्रत्येकीला आपली गाठ मारली. दुसरी कडी रिकामीच.

घड्याळात तीन वाजून गेलेले. अजून एकवीस छत्र्या.

“बाई...” मास्तर टेबलाकडे बघतच म्हणाले, “मुली... तुला ठाऊक आहे ना गं कुठली ते?”



मग मागून आवाज आला. टप.

शेवटच्या टेबलावरून.

टप... टप.

मास्तर मागे सरकत गेले, पाठमोरेच. हात मागे करून टेबल चाचपलं. बोटांना बांधलेली छत्री लागली. मांडणीवरची एक छत्री तिथे आली होती. कोणी आणली...

त्यांनी ती उघडली. शेंड्याजवळच्या घडीत, पोटात घेऊन बसल्यासारखी, पिशवी होती.

पिशवी खणात गेली. छत्री टेबलावर पसरली.

“ताण...?”

दोऱ्या घट्ट झाल्या. या वेळी थरथरत होत्या. पलीकडचे हात थरथरत होते... की कोणी रडत होतं...

घडी पूर्ण झाली. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

“तो हॉर्न माझाच,” आप्पा म्हणाले. “मी आत गेलो तर मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे. कपडे घामाने भिजलेले. म्हणाले, ‘आप्पा, चोवीसच्या चोवीस घेऊन जा. आणि शेवटच्या टेबलाकडे बघू नकोस, तिला संकोच होईल.’ मला वाटलं, मास्तरांना भ्रम झाला. मी छत्र्या मोजल्या आणि निघालो. चोवीसही जण सुखरूप उतरले. डोंगरातली किती माणसं वाचली ते तुमच्या आईला विचारा, ती त्याच गावची; त्यातल्या एका बाईचं बाळंतपण मास्तरांच्या मुलानेच केलं.”

“आणि दिवा?” धाकटीने विचारलं.

“दिवा तेवत राहिला. बाईंचा तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नाही.”

तिसऱ्या दिवशी पोरगा घरी आला. आईने तोंडावरून हात फिरवला. पोरगा म्हणाला, “बाबा, त्या रात्री तुमच्या मदतीला कोण होतं?”

“कोणी नाही. का?”

“माझ्या छत्रीला दोन गाठी होत्या. तुमची लाल दोऱ्याची, ती उडी घेताना तुटली. दुसरी तुटली नाही. सोडवून आणलीय.”

त्याने रुमाल उलगडला.

आत एक लांब केस होता. बाईचा. मधोमध नेटकी, घट्ट गाठ मारलेला.

आप्पांनी शाल सारखी केली.

“मीही पाहिलाय तो,” ते हळूच म्हणाले. “ती गेली तेव्हा विशीतली होती रे पोरांनो...

केस पांढरा होता.”