निनादचा मणी

वेंगुर्ल्याहून आलेल्या त्या पत्राला सात महिने झाले होते आणि निवृत्त शास्त्रज्ञ विद्याधर रेगेआजोबांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. आळस म्हणावा, तर खणात उत्तराचे चौदा कच्चे खर्डे पडले होते. प्रत्येकात कुठेतरी ‘कदाचित’ यायचं आणि आजोबांचं पेन तिथेच अडायचं.

पत्र अकरा वर्षांच्या निनादचं होतं. ‘माझं रक्त लवकर गोठत नाही. माझा मित्र अस्लम, त्याचंही. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनात (शरीरात ठरलेलं काम करणाऱ्या, मण्यांच्या माळेसारख्या मोठ्या रेणूत) आमचा दोघांचा एकेकच मणी बदललाय, असं डॉक्टर म्हणाले. कुठला ते सोबतच्या कागदावर आहे. मग अस्लम झाडावर चढतो आणि माझा गुडघा नुसतं चालूनही आत रक्त साचून का सुजतो? सगळे म्हणतात, मी धडपड्या आहे. माझंच चुकतं का?’

आज ते पत्र नातीच्या, गार्गीच्या हाती लागलं.

“आजोबा, सात महिने! वाट बघून मान दुखली असेल त्याची.”

“अगं, पण माझं उत्तर चुकलं तर?”

“आधी मला सांगा. मला कळलं तर त्यालाही कळेल.”

प्रथिनाची प्रतिकृती दाखवायला आजोबांनी खोली उघडली आणि ते मटकन खाली बसले. दोन हजारांहून जास्त मण्यांची माळ त्यांनी महिनाभर खपून दुमडली होती. घडीत जवळ आलेले मणी लाल धाग्यांनी जोडले होते, आणि निनाद-अस्लमच्या बदललेल्या मण्यांना निळा आणि हिरवा रंग दिला होता. आणि आता ती माळ खोलीभर सरळ, शिस्तीत पसरली होती!

“गुंता सोडवला, साहेब!” यंत्रमानव झाडूराव अभिमानाने म्हणाला.

गार्गीला हसू आवरेना. मग ती माळेकडे वाकली. “निळा मणी निनादचा, हिरवा अस्लमचा ना? पण दोघे सारखेच दिसतात. प्रत्येकाला शेजारी दोनच.”

आजोबा ताडकन उठले. “हेच! हेच मला चौदा खर्ड्यांत सांगता आलं नाही! झाडूराव, होतं तसं कर.”

झाडूरावाला गाठ न् गाठ आठवत होती. “मुद्दाम केलेला गुंता आहे, हे आधी सांगायचं ना,” असं कुरकुरत त्याने चहा होईपर्यंत माळ पुन्हा दुमडली.

“प्रथिन असं दुमडलेलं असतं,” आजोबा म्हणाले. “माळेत लांब असलेले मणी घडीत शेजारी येतात, एकमेकांना धरून ठेवतात. आता धागे मोज.”

“हिरव्याला दोन. निळ्याला... अकरा! आणि या टोकाकडून त्या टोकाला धाग्यांवरून जायचं, तर बहुतेक वाटा निळ्यावरूनच!”

“याला जाळ्याचं विश्लेषण म्हणतात (कोण कोणाशी जोडलंय ते मोजून मोक्याच्या जागा शोधणं).”

“म्हणजे अस्लमचा मणी गल्लीत बदलला, निनादचा भर चौकात! तिथे बिघडलं की अख्खी घडी बिघडते!”

“कदाचित,” आजोबा पुटपुटले. “जाळं अंदाज देतं. खात्री प्रयोगशाळेत करावी लागते.”

“मग ‘कदाचित’ लिहा की! पण ‘माझंच चुकतं का’, असं विचारलंय त्याने. तिथे कदाचित आहे?”

आजोबांनी पेन उचललं. “नाही. तिथे मुळीच नाही.”

पंधरावा खर्डा भराभर उतरला. ‘प्रिय निनाद, तुझं काही चुकत नाही. चुकलं माझं, उशीर केला...’ पुढे मणी, धागे आणि चौक आले. ‘कदाचित’ तीनदा आलं, पण पेन अडलं नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘असे चौक ओळखता आले, तर औषध नेमकं कुठे हवं तेही शोधता येईल. त्या कामाला तुझ्यासारखे प्रश्न विचारणारे हवेत.’

गॅलरीत टपालाचा ड्रोन आला. तो अर्धंच मिनिट थांबतो. आजोबांनी पाकीट पुढे केलं, मागे घेतलं. “एकदा वाचून...”

“आजोबा!”

त्यांनी डोळे मिटले आणि पाकीट सोडलं. ड्रोन वेंगुर्ल्याच्या दिशेने उडाला.