बंद घड्याळाची टकटक

“बोटांत चुंबक बसवले तुम्ही, आणि दूर राहायचं मी,” यंत्रमानव खटपट्या शाल्मलीच्या कानापाशी कुरकुरला.

चुंबकाने घड्याळातल्या बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, म्हणून त्याला मनाई होती.

चांद्रवसाहतीतल्या त्या खोलीत तिसरे होते आजोबा. सौरवादळांचा (सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या लोंढ्यांचा) अंदाज बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. आजचं वादळ पोचायच्या आत विजेवरचं सगळं बंद करायचं, खटपट्यालाही झोपवायचं आणि तळघरात उतरायचं. तिथे प्राणवायूची टाकी कधी बदलायची, हे फक्त आजोबांचं चावीचं घड्याळ सांगणार होतं. आणि नेमकं तेच, आतलं तेल वाळून, बंद पडलं होतं.

आजोबांनी पारदर्शक पिशवीत हात घालून घड्याळ उघडलं आणि चिमटा उचलला. इथे बारीक कामं पिशवीतच करतात; चंद्रावर निसटलेला स्क्रू कुठवर जाईल, नेम नाही.

टक टक टक.

शाल्मली दचकली. घड्याळातलं एकही चाक हलत नव्हतं. मग वाजतंय काय? तिने खटपट्याकडे पाहिलं. तो छत न्याहाळू लागला.

आजोबा समजावत होते. चावी दिली की मुख्य स्प्रिंग (पोलादाची लांब पट्टी) गुंडाळली जाते. तिला एकदम सुटायचं असतं. पण शेवटच्या चाकापाशी अडसर (दोन टोकांचा छोटा काटा) बसलेला असतो. तो एका वेळी एकच दात पुढे सोडतो. ताकद अशी थेंबाथेंबाने सुटते, आणि ते थेंब मोजले की वेळ कळते.

बोलता बोलता त्यांचा चिमटा अडसराकडे गेला. टकटक वाढली.

“आजोबा, थांबा,” शाल्मली म्हणाली. “घड्याळ बंद आहे, पण स्प्रिंग अजून भरलेलीच आहे ना?”

अडसर निघाला असता तर सगळी ताकद एकदम सुटून चाकं भणाणली असती, दात मोडले असते. दुसरं घड्याळ नव्हतं.

आजोबांनी हात बाहेर काढले. शाल्मलीने आत घातले. एका हाताने चावी घट्ट धरून दुसऱ्याने तिला अडवणारा खटका बाजूला केला, आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी फिरू दिली. स्प्रिंग सैल झाली.

आता टकटकही नव्हती.

हवा कोरडी असली की असे आवाज येतात, असं खटपट्याने ठोकून दिलं. शाल्मलीनेही घाईघाईने मान डोलावली.

“हवा नाही रे,” आजोबा म्हणाले. “माझा हात थरथरतो. चिमटा घड्याळाच्या कडेवर वाजत होता. शाल्मली, पुढचं तू खोल. मी सांगत जातो.”