कमानीला लागलेल्या मुंग्या

या बाया-बापड्यांनो, जरा जवळ सरकून बसा, टाळ मांडीवर ठेवा. एका मोटारीच्या कण्हण्याची गोष्ट सांगतो. चोर कोण ते शेवटीच कळेल, पण खुणा सगळ्या तुमच्या पुढ्यात टाकत जाईन. कान उघडे असू द्या म्हणजे झालं.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली भट्टी नुकतीच पेटली होती. तिथून जवळच चरोद्याला पंजाबराव राहत. रेल्वेतल्या मालचोऱ्या धुंडाळण्यात त्यांची उमर गेली. आता लोकांच्या खासगी चौकशा करत. सोबतीला बळीराम असे. देह भक्कम, डोकं जरा सावकाश.

दसऱ्याच्या तोंडावर एका दुपारी केवलराम ड्रायव्हर दारात उभा राहिला. पंजाबरावांच्याच भजनी मंडळातला झांजवाला.

"पंजाबरावभाऊ, मले वाचवा. ठेकेदार साहेब उद्या पोलिसात देऊन राहिले."

"कावून?"

"साहेबांच्या मोटारीच्या मागून खट्-खट् वाजते. चाकावरच्या कमानीचे, स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, रबरी बुश सडले. पोळ्याच्या आधीच बाबुलाल मिस्त्रीनं चारही चाकांचे नवे टाकले होते. आता साहेब म्हणतात, मी मागचे नवे विकले अन् जुने ठोकले."

"विकले काय?" बळीरामनं विचारलं.

"मायची आन, नाई!"

"चोर बी मायचीच आन घेते," बळीराम पुटपुटला.

पंजाबराव आणि बळीराम आधी सुपेल्याला गेले. बाबुलालचं दुकान म्हणजे झाडाखालचा खड्डा.

"माझा माल चोख," बाबुलाल हातातला पाना आपटत म्हणाला. "बसवल्या बुशाले मी पांढरा ठिपका देतो. जा, पाहा. सडलेल्या मागच्याले माझा ठिपका असंल तर माझं दुकान बंद!"

"लयच ताव दाखवते," बाहेर पडताना बळीराम म्हणाला. "यानंच जुने टाकले असतीन."

पंजाबरावांनी केवलरामच्या घराचा रस्ता धरला.

केवलरामची झोपडी नंदिनीच्या रस्त्याला होती. पहाटे साहेबांना आणायचं म्हणून मोटार दुपारनंतर रात्रभर तिथंच, दारापुढं उभी असे. पंजाबरावांनी बळीरामला मागच्या बंपरवर चढवलं.

"हल!"

बळीराम हलला. खट्. पुन्हा हलला. खट्.

"तुझं वजन कामी आलं बुवा," म्हणत पंजाबराव गाडीखाली शिरले. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "बळीराम, लोखंडाले मुंग्या कावून लागतात?"

"चावायले."

"मशीनच्या ग्रीसले कधी मुंग्या पाहिल्या?"

"नाई."

पंजाबराव बाहेर आले. बोटांना तेलकट, पिवळसर काहीतरी लागलं होतं. नंदिनीच्या खाणीतली चुनखडीची धूळ तर पांढरी, पिवळी नव्हे. पुढचे बुश कोरडे, खणखणीत. मागचे फुगून मऊ, गुळाच्या ढेपेसारखे. आणि चारहींवर पांढरा ठिपका!

"मंग बाबुलालचं दुकान बंद!" बळीराम ओरडला.

"थांब."

केवलरामची माय तुळसाबाई चहा घेऊन आली. तिनं कप पुढं केला तेव्हा पंजाबरावांनी तिची पिवळी नखं पाहिली. आत खुंटीला बैलाची घुंगरमाळ टांगलेली होती, आणि दारात बैल नव्हता.

"केवलराम, सांजवेळी तू कुठं असतो?"

"भजनात. तुमच्याच शेजारी."

"ठेकेदार साहेबाले अन् मिस्त्रीले बोलाव," पंजाबराव म्हणाले. "चोर याच घरात आहे."

केवलरामचा चेहरा उतरला. तुळसाबाईनं हातातली बशी खाली ठेवली.

दोघे आले. साहेब खुर्चीच्या काठावर बसले, बाबुलाल उभाच राहिला.

"कीर्तनात पूर्वरंग झाला की उत्तररंग," पंजाबरावांनी सुरुवात केली. "साहेब, मागच्या बुशांवर मिस्त्रीचा ठिपका आहे. म्हणजे बदलले कोणी नाहीत. केवलराम सुटला."

"मंग मीच लबाड?" बाबुलाल उसळला.

"तू बी नाई. त्याच मालाचे पुढचे बुश ठणठणीत आहेत. माल वाईट नव्हता, मागच्या रबरालेच कोणी तेल चोळलं. रबर तेल पिऊन फुगलं, मऊ झालं, अन् लोखंडावर लोखंड वाजू लागलं. हे तेल मशीनचं नाई. मुंग्या लागल्या, म्हणजे खाण्याचं. त्यात हळद. पोळ्याच्या आदल्या सांजेले आपण बैलाच्या खांद्याले काय लावतो, बळीराम?"

"तूप अन् हळद. खांद शेकतो."

सगळ्यांचे डोळे तुळसाबाईकडे वळले. ती भिंतीला टेकली.

"माय, तूच सांग."

"गाव सोडून इकडं यायच्या वक्ती आमचा चांद्या बैल बाजारात विकला," ती म्हणाली. "पोळा आला, खुंटा रिकामा. आमच्या घरची भाकर आता हे गाडी ओढते. म्हटलं, इचेच खांदे शेकू; ओझं मागच्या कमानीवर, म्हणून मागचेच. तूप-हळद लावली. मंग काही दिवसांनी कण्हायले लागली. मले वाटलं, खांदे दुखून राहिले. म्हणून रोज दिवेलागणीले हळद घालून जवसाचं तेल चोळलं. जास्त कण्हे, तसं मी जास्त चोळो." तिनं हात जोडले. "साहेब, मले न्या. पोराची नोकरी नका घेऊ."

बाबुलालनं डोक्यावरचा रुमाल काढला.

"नवे बुश मी बसवून देतो," तो म्हणाला. "माय, रबराले तेल नको लावू. बोनटले हळदीचं बोट लाव, थे चालते."

"केवलराम," साहेब उठत म्हणाले, "पहाटे वेळेवर ये."

परतताना बळीराम बोटांवर एकेक खूण मोजत होता. मग म्हणाला, "भाऊ, चोर तर निघालाच नाई."

"निघाला ना. माया होती थे. रोज सांजेले येत होती, अन् आपण पोलीस बोलावत होतो."

तर मंडळी, तुमच्या गाडीचं मागचं अंग वाजलं तर आधी मिस्त्रीला दाखवा. पण पोळ्याच्या आदल्या सांजेला, हळदीची वाटी हातात असताना, बाजारात विकलेल्या त्या चांद्याची एकदा आठवण काढा. त्याचे खांदे शेकायची ओढ असलेलं मागं घरी कोणीतरी आहे, एवढं त्याला कळू द्या.