टोपलीखालचं पीठ

लाईट गेलीच आहे तर जरा सरकून बसा. आणि मध्येच कुणी "मग काय झालं?" म्हणून विचारायचं नाही, सांगून ठेवतो. ही गोष्ट आपल्याच कापडे गावातली, महिपतीच्या सुशांतची. माणूस हयात आहे. थापा वाटल्या तर उद्या त्यालाच विचारा.

त्या दिवशी सुशांत पोलादपूरला उतरला तो एका साध्या कामासाठी. महिपती वारला होता. दुसऱ्या दिवशी तेरावं, ते उरकलं की तालुक्याला जाऊन हक्कसोडीवर सही करायची, महिपतीचा सामाईक शेतातला हिस्सा पुतण्याच्या, अनिलच्या नावे करायचा आणि खोपोलीला परत जायचं. अग्नीही अनिलनेच दिला होता. सुशांतला कळवलं तेच मुळी उशिरा.

वकिलाने त्याला परोपरीने सांगून पाहिलं. "दत्तक मुलगा म्हणजे पोटचाच. अबोला धरला म्हणून वारसा तुटत नाही. वडिलांनी मृत्युपत्रही केलेलं नाही. सही कशाला करता?"

कायद्याने तुटलं नसेल, पण सुशांतने आपल्या तोंडाने तोडलं होतं. शिक्षण सोडण्यावरून भांडण झालं, तेव्हा भर अंगणात तो महिपतीला म्हणाला होता, "तू कुठं माझा खरा बाप हायस?" पुढे दोघेही कित्येक वर्षं हट्ट धरून बसले. आता माफी मागायला माणूसच उरला नव्हता. ज्याला बाप म्हटलं नाही, त्याची जमीन कुठल्या तोंडाने घ्यायची?

तेराव्याच्या आदल्या रात्री आपल्याकडे काय करतात, ठाऊक आहे ना? माणूस जिथे निजायचा तिथे तांदळाचं पीठ पसरतात. शेजारी दिवा. पिठावर टोपली, टोपलीवर दगड. सकाळी जे पाऊल उमटेल, त्यावरून तो कुठल्या जन्माला गेला ते ओळखायचं. सुशांत पीठ घ्यायला पुढे झाला, तर अनिलने त्याचा हात धरला.

"नाय रे. ह्याला रक्ताचा माणूस लागतो. तू ओटीवर बस."

शेजारची म्हातारी राहीबाई उसळली. "ह्याला महिपतीनंच आणला ना घरात? चार वर्साचं पोर. उंबऱ्याशी भ्यालं, आत येईना. मग त्यानं पोराचे पाय आपल्या पायांवर घेतले आन् तसाच चालत आत आणला. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी!"

अनिलने ऐकलं नाही. सुशांत ओटीवर जाऊन बसला. त्याला रडू येत होतं, आणि आपल्याला रडायचा तरी हक्क आहे का, हेच त्याला कळत नव्हतं.

मार्गशीर्षातली रात्र, अमावास्येला एक दिवस राहिलेला. घर निजलं. रातकिडेही थांबले.

आत पाऊल वाजलं.

सावकाश. जड. कुणी ओझं घेऊन चालावं तसं.

ठप्... ठप्...

दाराशी आलं. थांबलं.

"बाबा...?"

सुशांतचे पाय गार जमिनीवर टेकलेले होते. आणि मग... जमीन नव्हती. तळव्यांखाली काहीतरी ऊबदार होतं. खरखरीत. भेगाळलेलं.

त्याने खाली पाहिलं नाही. ओरडावंसं वाटलं.

बसल्या जागी त्याचा डावा पाय उचलला गेला... अलगद टेकला. मग उजवा...

"बाबा, चुकलो मी..."

मग ऊब गेली. तळव्यांखाली पुन्हा गार जमीन.

सकाळी अनिलनेच टोपली उचलली. दगड जागच्या जागी होता. तो खाली वाकला आणि तसाच मागे सरकला.

पिठात एक पाऊल होतं. बाप्याचं, टाचेला भेगा असलेलं. आणि त्या पावलाच्या आत दुसरं. चिमुकलं. डाव्या पायाचं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

राहीबाईने पदर डोळ्यांना लावला.

हक्कसोड काही झाली नाही. महिपतीच्या वाट्याचं शेत आता सुशांतच लावतो. उद्या बांधावर भेटला, की त्याचा डावा पाय बघा. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे. लहानपणापासूनच.