वीतभर उंचीवरचं फूल

दुसरा भुंगाही गेला.

शर्वाणी सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, पालथी पडून बघत होती. जांभ्याच्या ओल्या खडकावर रुपयाएवढी लाल रोपं चिकटली होती. त्यांचं नाव दवबिंदू. पानांवरच्या केसांना डिंकासारखे थेंब, आणि त्या थेंबांत आजोबांचा मुंगीएवढा यंत्रभुंगा रुतला होता. आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकू लागले होते.

"आजोबा, ही रोपं यंत्रंसुद्धा खातात!"

"चव कळली की सोडतील," वनस्पतिशास्त्रज्ञ आजोबा पुटपुटले. "माझंच काहीतरी चुकलंय. आता एकच भुंगा उरला. आणि दुपारी फुलं मिटतील."

ती या हंगामातली शेवटची फुलं होती. खोकल्याच्या औषधासाठी लोकांनी वर्षानुवर्षं रोपं उपटून नेली होती. उरलेली सव्वीस रोपं एकमेकांच्या नात्यातली, म्हणून त्यांचं बी कमजोर. नात्याबाहेरच्या रोपाशी परपरागण (दुसऱ्या रोपाचा पराग फुलाला मिळणं) झालं तरच बी धडधाकट होणार होतं. पलीकडच्या सड्यावरचा पराग या उरलेल्या भुंग्याच्या पाठीवर होता.

"पण ही किडे खातातच कशाला?"

"या खडकावर नत्र (वाढीला लागणारं द्रव्य) फार कमी. ते किड्यांतून मिळवतात."

"मग पराग आणणारे किडेही खाऊन टाकतील की! बी कसं धरणार?"

तेवढ्यात एक चिलट वीतभर दांड्यावरच्या पांढऱ्या फुलावर बसलं, आणि सुखरूप उडालं.

"पाहुणे माडीवर, जेवण तळमजल्यावर!" शर्वाणी उठून बसली. "तुम्ही भुंग्याला काय शिकवलंत?"

"चमकेल तिथे जा. फुलातला मध चमकतो ना."

"थेंबही चमकतात, आजोबा!"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "दांडा उंच असण्याची आणखीही कारणं असतील... आणि तुझा अंदाज चुकला तर?"

"भुंगा नाही सोडला तरी बी नाहीच."

आजोबांनी नवी सूचना भरली: खडकापासून चार बोटांखाली उतरायचं नाही, पांढरं शोधायचं.

भुंगा उडाला, आणि सरळ खाली झेपावला. चार बोटांवर तो थबकला, वळला, वर चढून फुलावर टेकला. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. ढग आले. शेवटचं फूल अर्धं मिटलं होतं. भुंगा त्यात घुसला, आणि पाकळ्या त्याच्यावर मिटल्या.

"तिसराही गेला," शर्वाणी हळूच म्हणाली.

"हा कामी आला," आजोबा म्हणाले. "बी पिकलं, की थोडं प्रयोगशाळेत पेरू. मग औषधासाठी सड्यावरचं एकही रोप उपटायला नको."


शर्वाणीने मिटलेल्या फुलाच्या रोपाशेजारी एक खडा ठेवला. खुणेसाठी.