न बोलावलेला खांब

आषाढातल्या एका दुपारी पारू घरातले खांब तेलाने पुसत होती. सरकारने ते घर संरक्षित वास्तू म्हणून जाहीर केल्यापासून दरवर्षी खांबांना अळशीचे तेल द्यावे लागे, आणि पाहणीला येणारे अधिकारी बोट फिरवून ते तपासत. घर होतेच तसे. दगडी तळखड्यांवर उभे सागाचे खांब, त्यांवर कोरीव तुळया आणि मधल्या भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या. साऱ्या सांगाड्यात खिळा म्हणून नव्हता. लाकडात लाकूड बसवून तो उभा केलेला होता. लोखंड होते ते एकाच ठिकाणी, माजघरातल्या मधल्या खांबाजवळ तुळईला असलेली पाळण्याची कडी. नवा खिळा ठोकायचा नाही आणि कोरीवकामाला दोर घासू द्यायचा नाही, असा सरकारी नियम होता. त्यामुळे पारूची तान्ही लेक लहानी त्याच कडीच्या पाळण्यात निजत असे.

मधल्या खांबापाशी पारूचा हात थांबला. तेल लाकडात मुरेना. खांब बुडाशी ओला होता.

पुढे पाहणीला आलेल्या अधिकारी बाईंनी जमिनीची ओल चढली असेल, असे सांगितले. खांबाखालचा तळखडा कोरडा ठणठणीत होता आणि बाकीचे खांबही कोरडेच होते. पारूने ते दाखवले तेव्हा बाईंनी चष्मा पुसला आणि चहा उत्तम झाल्याचे सांगितले.

पारूचा नवरा गणू भातसानगरला धरणावर नोकरीला होता. पाणी कुठवर चढले, ते तो रोज जेवताना सांगे. हळूहळू पारूच्या ध्यानात आले, की धरणात पाणी चढले म्हणजे खांबाची ओलही चढते, आणि धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे ती वीतभर उतरते. तिने नवऱ्याला हे सांगितले तेव्हा तो हसला.

"बरं झालं. उद्यापासून घरात बसूनच पाणी मोजतो."

मात्र दोन-चार दिवस त्याने स्वतः खांबाला हात लावून पाहिला आणि त्यानंतर जेवताना पाण्याची गोष्ट काढणे सोडून दिले.

उलगडा केला तो सासूने, हौसाने. हे घर मूळचे इथले नव्हते. धरण झाले तेव्हा बुडणाऱ्या गावातून ते सोडवून वर आणले होते. घर हलवताना प्रत्येक खांबावर तांदूळ वाहायचे, पाणी घालायचे आणि 'चल' म्हणून त्याला बोलवायचे, अशी तिकडची रीत होती. मधला खांब तेवढा जमिनीत खोल पुरलेला, म्हणून तो शेवटी राहिला. त्याची पाळी आली तोवर पाणी अंगणात शिरले होते. पुरुषमाणसांनी घाईने तो जमिनीलगत कापला आणि बैलगाडीवर टाकला.

"त्याचं बूड तिथंच हाय," हौसा म्हणाली. "त्याला कुनी चल म्हनला नाय."

पारूने पाळणा तिथून दुसरीकडे हलवण्याचा विषय काढला. हौसाने तो मनावर घेतला नाही. या घरची सगळी पोरे त्याच कडीला वाढली, असे ती म्हणाली.

श्रावणात पावसाने उसंत घेतली नाही. एका दिवेलागणीला वीज गेली, म्हणून पारू कंदील घेऊन माजघरात आली. खांबाची ओल पाळण्याच्या उंचीला येऊन ठेपली होती. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि घरात मात्र तळ्याकाठी येतो तसा गाळाचा, शेवाळाचा वास भरून राहिला होता. तिने कंदील वर धरला. पाळण्याच्या दोऱ्या सैल पडल्या होत्या. त्या झोळ खाऊन लोंबत होत्या, तरी पाळणा खाली आला नव्हता. तो जागच्या जागी डुलत होता, पाण्यावर होडी डुलावी तसा.

लहानी जागी होती. रडत नव्हती. तिचा एक हात पाळण्याबाहेर लोंबत होता आणि खालच्या रिकाम्या जागेत ती तळवा थापटत होती... सावकाश... कोणी मनगट धरून शिकवावे तशी.

पारूने तिला उचलले. दोऱ्या एकदम ताणल्या आणि कडी वाजली. पोरीचा हात मनगटापर्यंत गार, ओला होता आणि तळव्याला ताजी शेणमाती लागली होती. घरात त्या दिवशी कोणी सारवले नव्हते.

तेव्हापासून पारू लेकीला घेऊन पडवीत निजू लागली. हिवाळ्यात पडवीतल्या वाऱ्याने लहानीच्या छातीत कफ झाला, आणि तो काही केल्या हटेना. हौसा रात्र रात्र तिची छाती शेकत बसे.

"उन्हाल्यात पानी उतरंल," अखेर ती म्हणाली. "बुडाला बोलवून आनू. मग पोर आपल्या जाग्यावर निजंल."

वैशाखातल्या एका सकाळी तिघी खाली उतरल्या. धरणाचा तळ उघडा पडला होता. भेगाळलेल्या गाळात जुन्या घरांची जोती अर्धीमुर्धी बुडालेली दिसत होती. हौसाने आपले जोते लांबूनच ओळखले आणि ती थबकली.

त्यावर गाळ नव्हता. जोते सारवलेले होते. बोटांच्या सारख्या, रेखीव कमानी या कडेपासून त्या कडेपर्यंत उमटल्या होत्या. मधोमध खांबाचे बूड होते, आणि त्याच्याशेजारी एका इवल्या तळव्याचा ठसा.

पारूच्या कडेवरून लहानी खाली वाकली आणि तिने ठशावर हात ठेवला. बोटे बाहेर उरली. नऊ महिन्यांत लहानी वाढली होती. ठसा गेल्या श्रावणातला होता.

हौसाने मुठीत तांदूळ घेतले होते. मूठ उघडेना.

"म्हना ना, आई..." पारू कुजबुजली.

"कुनाला म्हनू? बूड एकलं नाय गो... हितं कुनीतरी सारवतंय."

तिने तांदूळ पदराला पुन्हा बांधले. दोघी मागे न पाहता चढणीला लागल्या. पारूच्या खांद्यावर लहानी तेवढी मागे तोंड करून होती. घरच्यांनी कौतुकाने शिकवलेली एक गोष्ट तिला हल्लीच येऊ लागली होती. तिने हात पुढे केला आणि इवली बोटे उघडली, मिटली, उघडली.

"ये... ये..."

हौसाने तो हात घाईने धरला. पण लहानीचे बोलावणे करून झाले होते. ती हसत होती, बोलावलेले माणूस उठून निघाले म्हणजे हसे तशी.